सोकोरोवर पाणी नव्हते

१९१५ चा मार्च महिना. तुम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या धक्क्यावर उभे आहात. समोर 'ॲनी लार्सन' हे शिडाचे मालवाहू जहाज. रेल्वेने आलेल्या लांबट, जड पेट्या हमाल त्याच्या तळात रचत आहेत. कागदोपत्री माल मेक्सिकोचा. तिथे यादवी पेटलेली असल्यामुळे बंदुकांच्या पेट्या पाहून कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

एका पेटीची फळी उचकटा. आत स्प्रिंगफील्ड रायफल आहे, एका वेळी एकच गोळी घेणारी. बार झाला की नळीमागची झडप उघडायची, रिकामे काडतूस काढायचे, दुसरे घालायचे. अमेरिकी लष्कराने केव्हाच मोडीत काढलेला हा माल. अशा ८,००० हून अधिक रायफली, आणि काडतुसे सुमारे ४० लाख. पैसा इंग्रजांशी युद्धात असलेल्या जर्मनीचा. खरेदी केली क्रुप या जर्मन शस्त्रास्त्र कंपनीचा न्यूयॉर्कमधला एजंट हान्स टाउशर याने, आणि त्याच्यामागे उभा आहे जर्मन लष्करी अताशे फ्रान्झ फॉन पापेन. ही हत्यारे पोचायची आहेत हिंदुस्थानात, अमेरिकेतल्या हिंदी लोकांनी काढलेल्या गदर पक्षाच्या आणि बंगालमधल्या क्रांतिकारकांच्या हाती.

८ मार्चला जहाज सुटते. तुम्हीही त्यावर चढा.

मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून दूर, पॅसिफिक महासागरात सोकोरो नावाचे ज्वालामुखीचे बेट आहे. तिथे 'मॅव्हरिक' नावाचे तेलवाहू जहाज येऊन पेट्या घेणार, असे ठरले आहे. बेत कसून आखलेला आहे. रायफली रिकाम्या टाकीत रचून वर तेल भरायचे. काडतुसे दुसऱ्या टाकीत ठेवायची. अगदीच प्रसंग आला तर तीही टाकी भरायची आणि जहाजच बुडवायचे. तेलाखाली कोण हात घालून पाहणार? एवढा विचार करणाऱ्यांनी सोकोरोवर प्यायला पाणी आहे का, हे मात्र पाहिले नाही.

तुम्ही खलाशांबरोबर बेटावर उतरता. खाली काळा दगड, वर काटेरी झुडपे. खड्डा खणावा तर घाम गळतो, पण गोडे पाणी लागत नाही. जहाजावरची पिंपे रोज थोडी थोडी खाली जातात. डोळे उत्तरेला लागलेले, पण धूर दिसत नाही. महिना होत आला तेव्हा कप्तानाचा नाइलाज होतो. एप्रिलच्या मध्याला 'ॲनी लार्सन' पाण्यासाठी मेक्सिकोच्या किनाऱ्याकडे वळते. 'मॅव्हरिक' सोकोरोला पोचते ती एप्रिलच्या अखेरीस. पंधरवडाही नाही, एवढीच चुकामूक! परतायला निघालेल्या 'ॲनी लार्सन'ला उलटे वारे बेटाकडे येऊच देत नाहीत.

'मॅव्हरिक'वर इराणी वेटर म्हणून नोंदवलेले पाच जण आहेत. ते गदरचे लोक, आणि त्यांच्या ट्रंका गदरच्या छापील साहित्याने भरलेल्या. ब्रिटिश युद्धनौका झडतीला येते, तेव्हा ते सारे जाळून टाकले जाते. रिकामी 'मॅव्हरिक' पुढे जावा बेटावरच्या बटाव्हियाला जाते.

२९ जून. वॉशिंग्टन राज्यातल्या होक्विअम बंदरात 'ॲनी लार्सन' येऊन लागते. अमेरिकी कस्टमचे अधिकारी तळात उतरतात, आणि सॅन दिएगोला रचलेल्या पेट्या तशाच्या तशा हाती लागतात. माल जप्त होतो. जर्मन राजदूत माल आपला म्हणून मागतो, पण परत मिळत नाही.

याच राज्यात, सिॲटलच्या विद्यापीठात, तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे यंत्रशास्त्र शिकला होता. आपल्या पोरांना गदरच्या बंडाचा इतिहास शिकवताना आपण त्याच्यावर एक ओळ खर्च करतो, याची मला चीड येते. शिक्षण सोडून तो १९१४ मध्ये त्या बंडासाठी हिंदुस्थानात परतला. १९१५ च्या फेब्रुवारीतला पंजाबचा उठाव फितुरीने फुटला, तरी तो थांबला नाही. मार्चमध्ये मीरतच्या छावणीत बाँबसकट पकडला गेला. होक्विअमला पेट्या उघडत होत्या तेव्हा लाहोरात त्याच्यावर खटला चालू होता.

आणि ओडिशात बालासोरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे बाघा जतीन, अजून जहाजाची वाट पाहत होते. 'मॅव्हरिक'चा माल सुंदरबनात रायमंगळला उतरायचा होता. जहाज आले नाही, पोलीस आले. ९ सप्टेंबरला जतीन आणि चार साथीदार माउझर पिस्तुले घेऊन फौजेशी लढले. १० सप्टेंबरला जतीन गेले.

बंड फितुरीने बुडाले, हे आपल्याला पाठ आहे. ते खरेच आहे. पण ज्यांनी शस्त्रे देऊ केली त्यांच्या लेखी हिंदुस्थान म्हणजे इंग्रजांना बेजार करण्याची एक सोय होती. म्हणूनच त्यांनी मोडीतल्या रायफली दिल्या आणि निर्जळ बेटावर भेट ठरवली. ज्यांचे सर्वस्व पणाला लागले होते, त्यांना यातले काहीच ठरवता आले नव्हते.

पिंगळ्यांना १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोर तुरुंगात कर्तारसिंग सराभा आणि इतर साथीदारांबरोबर फाशी झाली. वय २७. त्या रायफलींमागे उभा असलेला फॉन पापेन १९३२ मध्ये जर्मनीचा चॅन्सेलर झाला.