'ज्यूडिया कॅप्टा' नाणी : विजय आणि वैधता

इ.स. ७० मध्ये टायटसने जेरूसलेम जिंकले. त्यानंतर त्याचा पिता सम्राट व्हेस्पेशियन याने 'ज्यूडिया कॅप्टा', म्हणजे 'जिंकलेला ज्यूडिया', असा लेख असलेली नाणी पाडली. सेस्टर्शियस या मोठ्या नाण्याच्या मागील बाजूस मध्यभागी खजुराचे झाड, एकीकडे शोकमग्न बसलेली स्त्री आणि दुसरीकडे हात बांधलेला बंदिवान किंवा स्वतः सम्राट आढळतो. ऑगस्टसनेही इजिप्तविजयाच्या नाण्यावर मगर कोरविली होती. परंतु इजिप्त हे नव्याने जिंकलेले राज्य होते. ज्यूडिया मात्र इ.स. ६ मध्येच रोमन अमलाखाली आला होता. आपल्याच प्रांतातील बंड मोडल्यावर तो 'जिंकला' असे का म्हणावे? याचे उत्तर रोममध्येच शोधावे लागते. इ.स. ६९ या एका वर्षात चार सम्राट झाले. यादवीतून सत्तेवर आलेल्या व्हेस्पेशियनला राजघराण्याची पार्श्वभूमी नव्हती आणि रोमन नागरिकांवरील विजय उघडपणे मिरवणे अशिष्ट मानले जाई. परकीय शत्रूची त्याला निकड होती, असेच म्हणावे लागते. बंडखोरांनी तर आपल्या चांदीच्या शेकेलवर 'पवित्र जेरूसलेम' अशी अक्षरे कोरली होती. पुढे इ.स. ९६ मध्ये नर्व्हाने ज्यू करासंबंधीच्या खोट्या आरोपांचा जाच दूर केल्याचे नाणे काढले. त्यावरही तेच खजुराचे झाड आहे, स्त्री आणि बंदिवान मात्र नाहीत.