खाटेपाशी भरणारी शाळा : डॉ. विल्यम ऑस्लर

आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात सकाळी राउंड सुरू झाला की पुढे मोठे डॉक्टर, मागे रेसिडेंट, त्यांच्या मागे विद्यार्थी अशी रांग दिसते. ती आपल्या इतकी सवयीची, की तिलाही इतिहास असेल असं वाटत नाही. आज तो इतिहास आपण एका फिजिशियनच्या कारकिर्दीतून पाहू या.

विल्यम ऑस्लर यांचा जन्म १८४९ चा, कॅनडातला. १८७२ मध्ये माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि दोन वर्षांनी तिथेच शिकवू लागले. तिथे त्यांनी शेकडो शवविच्छेदनं केली. आपलं निदान कुठे चुकलं, हे तिथे कळायचं. पुढे फिलाडेल्फिया, आणि १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुख्य फिजिशियनचं पद.

तेव्हा अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण म्हणजे मुख्यतः व्याख्यानं. रुग्णाला नीट हात न लावताही पुष्कळजण पदवी घेऊन बाहेर पडत. हॉपकिन्सचं वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये सुरू झालं. मुलींनाही मुलांच्याच अटींवर प्रवेश द्यायचा, या अटीवर मेरी गॅरेट यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली होती. इथे ऑस्लरनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वॉर्डातल्या खाटा वाटून दिल्या. रुग्णाची हकिकत लिहायची, रक्त-लघवी तपासायची, रोज काय बदललं ते सांगायचं. खाटेपाशी शिकवणं ही काही त्यांची कल्पना नव्हे. लायडन, एडिनबरा, लंडन इथे ते आधीपासून चालत होतं. पण विद्यार्थ्याला नुसता प्रेक्षक न ठेवता कामाचा वाटेकरी करणं आणि त्यावर रुग्णालयात राहणाऱ्या रेसिडेंटांची उतरंड उभारणं, ही घडी तिथे बसली आणि पुढे देशभर पसरली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ऑस्लरकडे औषधं फार थोडी होती. न्यूमोनियावर अँटिबायोटिक नव्हतं. १८९२ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात कोणत्या आजारावर खात्रीचा उपाय नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. १८९७ मध्ये ते पुस्तक रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांनी वाचलं. इतक्या आजारांवर इलाजच नाहीत हे पाहून त्यांनी संशोधन संस्थेचा आग्रह धरला, आणि १९०१ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूट उभी राहिली. बघा, ‘आम्हाला येत नाही’ असं छापून सांगण्यातून केवढं काम उभं राहिलं!

पण या पद्धतीची किंमत कुणी मोजली? वॉर्डातले रुग्ण बहुतेक गरीब. पैसेवाल्यांकडे डॉक्टर घरी जात. म्हणजे शिकाऊ हात आधी गरिबाच्या अंगावर पडत. हा प्रश्न आजही आपल्या रुग्णालयांत जिवंत आहे. रेसिडेंटच्या न संपणाऱ्या ड्यूटीचाही तसाच.

१९०५ मध्ये ऑस्लर ऑक्सफर्डला गेले. १९१९ च्या डिसेंबरात, न्यूमोनियानंतरच्या गुंतागुंतीनेच ते वारले. आपण वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवलं, एवढीच नोंद आपल्या स्मृतिशिळेवर असावी, असं त्यांनी म्हटलं होतं. त्या नोंदीत शिकवणारे आले, शिकणारेही आले. ज्यांच्या खाटांपाशी हे सगळं शिकलं गेलं, त्यांची नावं मात्र कुठल्याच शिळेवर नाहीत. डॉक्टरी शिकलेल्या प्रत्येकावर त्यांचं देणं आहे, एवढं आपण आज लक्षात ठेवू या.