पीक विमा आणि पुण्यातले दोन सातारकर



मागच्या नोंदीखाली एका शेतकरी भावाने विचारलंय, "माझं सोयाबीन पाण्यात गेलं, पंचनामा झाला, फोटो आहेत. तरी विमा शून्य. ओढ्यापलीकडच्या गावाला मात्र आला. कंपनी फसवते का?" कधी कधी फसवतेही. पण त्याचा प्रश्न कंपनीच्या आधीचा आहे. उत्तरासाठी पन्नास वर्षं मागं आणि पुण्यात डेक्कनवर जावं लागेल. जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आपल्याकडे पिकाच्या विम्याची पहिली नीट मांडणी म्हैसूर संस्थानात झाली. जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 साली त्यावर पुस्तक लिहिलं. पाऊस मोजा, ठरलेल्यापेक्षा कमी पडला तर त्या भागातल्या सगळ्यांना पैसे द्या, अशी कल्पना. कुणी मनावर घेतली नाही. स्वातंत्र्यानंतर समित्या झाल्या. 1970-71 मध्ये धर्म नारायण समितीने तर सांगून टाकलं की पीक विमा आपल्याला परवडणारा नाही.

तरी 1972 पासून गुजरातेत एच-4 कापसावर प्रयोग सुरू झाला. तो शेतावार होता, म्हणजे ज्याचं शेत त्याचा हिशोब. पुढे काही वर्षं इतर पिकं आणि राज्यंही त्यात आली. 1978-79 ला बंद करताना हिशोब असा निघाला: शेतकरी 3,110, हप्ता जमा 4 लाख 54 हजार, भरपाई 37 लाख 88 हजार. रुपयाला आठ रुपये गेले. शिवाय प्रत्येक बांधावर माणूस पाठवायचा, या शेताचं एरवीचं उत्पादन किती याचा कागद कुणाकडे नाही, आणि निंदणी-फवारणी न करता पडीक ठेवलं तरी भरपाई मिळणार. व्यवहार म्हणून ते टिकणारं नव्हतंच.

इथं पुणे येतं. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर, मूळचे साताऱ्याचे. 'भारतातील दारिद्र्य' हा त्यांचा आणि नीळकंठ रथ यांचा अभ्यास बऱ्याच जणांना माहीत असेल. 1976 साली त्यांनी लेख लिहिला आणि धर्म नारायण समितीचं म्हणणं खोडून काढलं. त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत सांगतो. एकेका शेताचा विमा करूच नका. सारखी जमीन, सारखा पाऊस असलेला एक टापू धरा. त्या टापूचं सरासरी उत्पादन ठरलेल्या पातळीखाली गेलं तर टापूतल्या सगळ्या विमाधारकांना एकाच प्रमाणात द्या. मग बांधावर सर्व्हेअर नको, अर्ज नको, हातापाया पडणं नको. आणि ज्याने त्याच टापूत मेहनत करून जास्त पिकवलं त्यालाही तेवढीच भरपाई मिळते, म्हणजे आळशाला बक्षीस नाही. मला हा मुद्दा आजही बिनतोड वाटतो. पण त्याची किंमत आहे, आणि दांडेकरांनी ती लपवली नव्हती: टापू ठीक असेल आणि तुमचं एकट्याचं शेत वाहून गेलं असेल तर तुम्हाला काही मिळत नाही.

आता टापूचं सरासरी उत्पादन मोजायचं कसं? पूर्वी आणेवारी होती. नजरेने पीक बघायचं आणि आठ आणे, दहा आणे लिहायचं. ती मोडून पीक कापणी प्रयोग ज्यांनी देशभर शास्त्रावर बसवला ते पां. वा. सुखात्मे. जन्म सातारा जिल्ह्यातल्या बुधचा, शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला, नोकरी दिल्लीत आणि मग रोमला, आणि निवृत्तीनंतर परत पुणे. 1940 च्या दशकात त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. महालनोबिस यांना लहान तुकडे कापायचे होते, कमी खर्चात जास्त ठिकाणं होतात म्हणून. सुखात्मे म्हणाले, तुकडा लहान केला की कडेवरची झाडं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं. त्यांचा तुकडा 33 फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे एकराचा बरोबर ऐंशीवा भाग. मीटरमध्ये जवळपास 10 बाय 5. आजही आपल्याकडे बऱ्याच पिकांना कृषी सहायक दोरी लावतो ती याच मापाची.

(गंमत बघा. पुढे कुपोषण किती, उपाशी कोण यावरून हेच दोन सातारकर एकमेकांशी जाहीर भांडले. पण आपल्या विम्याच्या पावतीत दोघं शेजारी शेजारी बसलेत. टापू दांडेकरांचा, दोरी सुखात्म्यांची.)

1979 मध्ये सर्वसाधारण विमा महामंडळाने दांडेकरांच्या पद्धतीवर पथदर्शी योजना घेतली. 1985 ला ती देशव्यापी झाली, पण फक्त कर्जदारांसाठी. 1999 च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आली आणि बिगरकर्जदारही आत आले. या सगळ्या काळात पैसे अडकायचे ते सरकारात. कापणी प्रयोगाचे आकडे वर जायचे, जमा हप्त्याच्या वरची भरपाई केंद्र आणि राज्याने द्यायची, आणि त्या तरतुदीची वाट बघत पुढचा हंगाम उलटायचा. ज्यांना आज वाटतं की खाजगी कंपन्या आल्या आणि दिरंगाई सुरू झाली, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं.

2016 च्या खरिपात प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. हप्ता खरिपाला 2, रब्बीला दीड, नगदी पिकाला 5 टक्के, बाकीचा सरकारचा. आणि इथं एक मोठा बदल झाला ज्याची चर्चा कमी होते. टापूची पद्धत ठेवलीच, पण तिच्या शेजारी गारपीट, पाणी साचणं, काढणीनंतर शेतात पसरलेल्या मालाचं नुकसान यासाठी शेतावार भरपाई परत आणली. मागणी शेतकऱ्यांचीच होती आणि ती रास्तही होती. पण शेतावार म्हटलं की पूर्वसूचना आली, 72 तास आले, सर्व्हेअर आला, आणि नाकारायला जागा आली. दांडेकरांनी जो माणूस बांधावरून घालवला होता तो मोबाइल घेऊन परत आला.

त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण उस्मानाबादचं, आत्ताचं धाराशिव. खरीप 2020, ऑक्टोबरचा पाऊस, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. महसूल आणि कृषी खात्याने पंचनामे केले. विमा कंपनी होती बजाज अलियान्झ, तिचं मुख्यालय पुण्यात येरवड्याला. ज्यांनी 72 तासांत कळवलं नाही त्यांचे दावे कंपनीने धरले नाहीत. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे 2022 मध्ये कोर्टाने आदेश दिला: 3 लाख 57 हजार 287 शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई द्या, कंपनीने नाही दिली तर राज्य सरकारने द्यावी. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली, तिथं तिला 200 कोटी भरावे लागले. सरकारी पंचनामा हाताशी असताना फोन केला नाही म्हणून नुकसान झालंच नाही असं कसं म्हणता येईल, हा साधा प्रश्न होता. तो सुटायला दोन वर्षं आणि दोन कोर्टं लागली.

कोर्टाचा रस्ता सगळ्यांना नसतो. नोव्हेंबर 2019 मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कातल्या एका विमा कंपनीचं ऑफिस शिवसैनिकांनी फोडलं होतं. काचा फुटून कुणाचा क्लेम पास झाल्याचं ऐकलं नाही, पण राग कुठून येतो ते कळतं. माझ्या स्वतःच्या एका दाव्यावर 'पीक काढणी झाल्याचे आढळले' असा शेरा होता. सर्व्हेअर आला तो कळवल्यापासून विसाव्या दिवशी. तोवर कुजकं सोयाबीन रानात ठेवून हरभरा कुठं पेरायचा, ते त्याने सांगितलं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीच्या मंडळातल्या लोकांचाही हाच अनुभव आहे.

आता 2025. एक रुपयातला विमा बंद झाला, हप्ता परत 2, दीड आणि 5 टक्क्यांवर आला, हे सगळ्यांना कळलं. त्याच निर्णयात राज्याने स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूलता, काढणीपश्चात नुकसान हे सगळे निकष काढून टाकले. उरला फक्त मंडळाच्या सरासरी उत्पादनाचा निकष. म्हणजे खरीप 2025 पासून आपण सरळ 1979 च्या योजनेत परत गेलोय. 72 तासांची कटकट गेली, पण त्याबरोबर एकट्या शेताचं संरक्षणही गेलं. सप्टेंबर 2025 च्या पावसात मराठवाड्यात नदीकाठची रानं खरवडून गेली. ज्यांनी विम्याकडे डोळे लावले त्यांना मंडळाची सरासरी काय येते त्यावर थांबावं लागलं.

ओढ्यापलीकडे विमा आला तो यामुळंच. ओढ्यापलीकडे दुसरं महसूल मंडळ आहे. आता आकडा मांडून बघू. मंडळाचं गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांचं सरासरी उत्पादन समजा हेक्टरी 14 क्विंटल. जोखीमस्तर 70 टक्के, म्हणजे उंबरठा उत्पादन 9.8 क्विंटल. यंदा मंडळाची सरासरी 10 आली. चार क्विंटल बुडाले, भरपाई शून्य. पलीकडे सरासरी 7.84 आली असेल तर उंबरठ्याच्या 20 टक्के घट, म्हणून विमा रकमेच्या 20 टक्के. तुमच्या रानात दोन क्विंटल निघाले का वीस, हे या हिशोबात कुठंच येत नाही. आणि लागोपाठ वर्षं वाईट गेली की उंबरठाही खाली सरकतो. सतत दुष्काळ असलेल्या मंडळावर हा अन्याय आहे असं माझं मत आहे, त्यावर कृषी विद्यापीठांतल्या मंडळींनी लिहावं.

बरंच वजन आता त्या 10 बाय 5 च्या दोरीवर आलंय. 50 चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तुकड्यात एक किलो जास्त भरलं की हेक्टरी दोन क्विंटल वाढतात. समजा मंडळात दहा प्रयोग आहेत, तर एका ठिकाणच्या एका किलोने मंडळाची सरासरी 20 किलोने हलते. 9.8 आणि 10 मध्ये फरक तेवढाच आहे. ओलं धान्य तोललं, वाळल्यावर परत तोललं नाही, दोरी सैल राहिली, कडेची झाडं आत धरली, की उत्पादन फुगतं आणि भरपाई कमी होते. सुखात्मे ऐंशी वर्षांपूर्वी ज्यासाठी भांडले ते आता आपल्या पासबुकाशी येऊन थांबलंय.

कंपनीचा प्रतिनिधी प्रयोगाला हजर असतो, आपण नसतो. गाव समितीत सरपंच, पोलीस पाटील असतात, पण त्यांना लग्न-बारशाचं आमंत्रण लक्षात राहतं, कापणीची तारीख नाही. कुठले गट नंबर निघालेत ते कृषी सहायकाला आधीच विचारून ठेवा. त्या दिवशी रानात जा. चारही कोपऱ्यांच्या खुंट्या आणि कर्ण मोजायला लावा, बुंधा दोरीच्या आत असेल तेच झाड धरायचं, ओलं वजन आणि सुकं वजन दोन्ही आपल्या वहीत लिहून घ्या, फोटो काढा. तक्रारीला 14447 हा नंबर आहे, पण तारीख आणि वजन हातात असेल तरच पुढचा माणूस ऐकतो.

आमच्या मंडळात सोयाबीनचे प्रयोग ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लागतात. गट नंबर कळले की इथंच टाकतो. ज्यांच्या शिवारात असतील त्यांनी वजनकाटा आपला घेऊन यावा.