व्हिडिओ लावला की कॉम्प्युटर बंद पडतो? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरचा कॉम्प्युटर मे महिन्यात सारखा बंद पडायचा. टायपिंग करताना काही नाही, पण यूट्यूबवर धडा लावला की दहा-पंधरा मिनिटांत स्क्रीन काळी. घरच्यांनी तो दुकानात नेला. तिथे पाचच मिनिटं बघून, 'विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागेल,' असं सांगितलं. घरच्यांनी 'मारा' म्हटलं. कॉम्प्युटर घरी आला, दुसऱ्याच दिवशी पुन्हा बंद पडला. दोष पंख्यात होता. प्रोसेसरवरचा पंखा धुळीने जाम झाला होता. पण तोवर मुलीच्या फुफीच्या निकाहाचा व्हिडिओ आणि मरहूम दादांच्या तिलावतीचं रेकॉर्डिंग गेलं होतं. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

असा प्रकार बऱ्याच घरांत होतो. म्हणून हा लेख. यातल्या बहुतेक तपासण्या घरच्या घरी, पैसे खर्च न करता होतात.

पहिलं काम : डेटा वाचवा

दुरुस्ती नंतर. आधी फोटो, व्हिडिओ, मुलांचे प्रोजेक्ट, आधार-रेशनकार्ड-दाखल्यांचे स्कॅन बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी करा. सर्वांत मोलाच्या फाइल दोन ठिकाणी ठेवा. गूगल खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, कागदपत्रं तिथेही ठेवता येतात.

कॉम्प्युटर चालूच राहत नसेल तर हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. हार्ड डिस्कमधून 'टक टक' आवाज येत असेल तर मात्र ती पुन्हा पुन्हा चालू करू नका. प्रत्येक वेळी नुकसान वाढतं.

व्हिडिओलाच का बंद पडतो?

फुल एचडी व्हिडिओच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून जास्त ठिपके असतात. सेकंदाला अशी ३० चित्रं धरली तर सहा कोटींहून जास्त ठिपके होतात. फाइल लहान राहावी म्हणून हे सगळं दाबून भरलेलं असतं आणि ते क्षणोक्षणी उलगडावं लागतं. दाबण्याच्या आणि उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात.

उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिप करते. त्या चिपला तो कोडेक समजत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. प्रोसेसर तापतो, वीज जास्त ओढतो. टायपिंगमध्ये लपून राहिलेला दोष इथे उघडा पडतो. म्हणजे बहुतेक वेळा व्हिडिओचा काही कसूर नसतो. त्याने फक्त यंत्राची परीक्षा घेतलेली असते.

आधी लक्षण नीट बघा

डॉक्टर जसं 'ताप कधी येतो?' विचारतात, तसं इथेही विचारायचं. कॉम्प्युटर कसा बंद पडतो ते वहीत लिहा.

– दहा-वीस मिनिटांनी अचानक बंद, लगेच चालू केला तर आणखी लवकर बंद : बहुधा उष्णता.
– व्हिडिओ लावताक्षणी किंवा घरात फ्रिज, मोटार सुरू होताना बंद : वीज, यूपीएस किंवा एसएमपीएस.
– स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, किंवा निळ्या स्क्रीनवर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' दिसतं : ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स चिप.
– फक्त प्लेअर किंवा ब्राउझर बंद होतो, बाकी सगळं चालू : प्लेअर, कोडेक किंवा ती एकच फाइल.
– निळी स्क्रीन, पण दर वेळी वेगळा संदेश : रॅमची शंका घ्या.
– व्हिडिओ अडकतो, माउस थिजतो, हार्ड डिस्कचा दिवा सतत लागलेला : हार्ड डिस्क.

विंडोज स्वतःही नोंद ठेवतं. स्टार्ट मेनूत 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' शोधून उघडा. तारखेनुसार लाल फुल्या दिसतील. 'विंडोज वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाउन' एवढंच लिहिलेलं असेल तर उष्णता किंवा वीज आधी बघा. तिथे 'लाइव्ह कर्नल इव्हेंट' आणि १४१ हा आकडा दिसला तर ग्राफिक्सकडे वळा.

उष्णता आणि धूळ : सोलापूरचा खास आजार

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. खोलीच ४० अंशांवर असेल तर पंखा आत गरम हवाच ढकलतो. त्यात आपलं शहर यंत्रमागांचं. चादर आणि टॉवेलच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्यांना माहीत आहे, कापसाचं बारीक तूस घरभर उडतं. ते पंख्याच्या आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखं बसतं. हवा जायला वाटच उरत नाही.

बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून स्वतःला आवरतात, तरीही तापमान वाढलं तर यंत्र बंद होतं. तापमान बघायला 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यू मॉनिटर' हे फुकट प्रोग्राम आहेत. ते चालू ठेवून २० मिनिटं व्हिडिओ बघा. आकडा ८० च्या खाली राहिला तर काळजी नाही. ९५ च्या वर जाऊन यंत्र बंद पडत असेल तर रोग सापडला.

साफसफाई अशी करा :

१. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा. मग पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून ठेवा.
२. कॅबिनेटची बाजू उघडा, धातूच्या भागाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल.
३. मऊ ब्रश आणि ब्लोअरने धूळ काढा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर ती वेगात फिरून पंखा बिघडू शकतो. ओलं फडकं वापरू नका.
४. एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. बाहेरूनच हवा मारा.
५. चालू करून सगळे पंखे फिरतात का बघा.

धूळ काढूनही तापमान उतरलं नाही तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. ती बदलून घ्या. लॅपटॉप मात्र सवय नसेल तर घरी उघडू नका. तो गादीवर, उशीवर किंवा मांडीवरच्या रजईवर ठेवून वापरू नका, हवेची जाळी खालच्या बाजूला असते. डेस्कटॉप भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. त्यावर धुळीसाठी कापड घालत असाल तर चालू करण्याआधी ते काढा.

वीज, एसएमपीएस आणि यूपीएस

उन्हाळ्यात कूलर, फ्रिज, पंखे एकदम चालतात, व्होल्टेज खाली-वर होतं. एसएमपीएस जुना असेल तर जास्त भार येताच तो मान टाकतो. सोपी तपासणी अशी : कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर लावून बघा. मग यूपीएस बाजूला काढून सरळ भिंतीच्या प्लगवर लावून बघा. यूपीएस काढल्यावर दोष गेला तर यूपीएस किंवा त्याची बॅटरी गेलेली आहे. दोष राहिला तर ओळखीच्या कुणाचा चालू एसएमपीएस तासभर लावून पाहायला मेकॅनिकला सांगा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या. हा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

ड्रायव्हर, प्लेअर आणि ब्राउझर

इथे एक नियम पाळा, प्रयोगशाळेत मुलांना सांगतो तोच : एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

– यूट्यूबवर व्हिडिओचा दर्जा १०८० वरून ४८० वर आणा. बंद पडणं थांबलं तर दोष भाराशी जोडलेला आहे, म्हणजे उष्णता, वीज किंवा ग्राफिक्स.
– यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकसमोर 'एव्ही०१' दिसलं तर तो नवा कोडेक आहे. इंटेलच्या ११ व्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांत तो उलगडण्याची सोय ग्राफिक्समध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो.
– क्रोममध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम इथे जाऊन ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करा आणि ब्राउझर पुन्हा सुरू करा. दोष गेला तर ग्राफिक्स ड्रायव्हर संशयित.
– साठवलेली फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघा. हा प्लेअर फुकट आहे आणि बहुतेक कोडेक त्याच्या आतच असतात. त्यात टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट-कोडेक्स इथे हार्डवेअर डिकोडिंग बंद करता येतं.
– ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या कंपनीच्या किंवा इंटेल, एनव्हिडिया, एएमडीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. दोष अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरवर जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' करा.

रॅम आणि हार्ड डिस्क

स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन रॅम तपासली जाते. दोष निघाला तर रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कण झटका, घट्ट बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. हार्ड डिस्कसाठी 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हा फुकट प्रोग्राम आहे. त्यात 'गुड' ऐवजी 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर त्याच दिवशी डेटा काढून घ्या.

हे करू नका

'कोडेक पॅक डाउनलोड करा', 'ड्रायव्हर अपडेट करा' अशा अनोळखी साइटच्या जाहिरातींवर क्लिक करू नका. त्यातून व्हायरस येतो. स्क्रीनभर 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा' असा संदेश आला तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

दुकानात नेताना

वहीतली लक्षणं सोबत न्या. 'फॉरमॅट करण्याआधी मला विचारा' हे तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्या. कुठला पार्ट बदलला, किती रुपयांचा, वॉरंटी किती, याचं बिल घ्या आणि जुना पार्ट परत मागा. घरच्या मुलींचे, बायकांचे फोटो असतील तर ते आधी बाहेरच्या डिस्कवर हलवा किंवा हार्ड डिस्कच काढून घरी ठेवा. पंखा, एसएमपीएस तपासायला तिची गरज नसते. तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर दाद मागता येते.

यंत्रच म्हातारं असेल तर

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते बऱ्याच जुन्या यंत्रांत नसतं. अशा यंत्रावर लिनक्स मिंट फुकट टाकता येतं. व्हिडिओ ४८० वर बघितले तर मुलांचे धडे आणखी काही वर्षं निघतात. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी लावली तर यंत्र चपळ होतं, पण तापण्याचा आजार त्याने जात नाही.

थोडक्यात क्रम लक्षात ठेवा : आधी डेटा, मग लक्षण, मग धूळ आणि वीज, मग ड्रायव्हर, मग रॅम आणि डिस्क. फॉरमॅट सर्वांत शेवटी. विंडोज पुन्हा टाकता येतं, दादांचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही. आज मगरिबनंतर अर्धा तास काढा आणि निदान ती एक फोल्डर तरी दुसरीकडे कॉपी करून ठेवा.