हॉकबिल फोल्डिंग चाकू : रोजच्या वापरासाठी आणि पोलिसी कामासाठी काय बदलावं, काय बदलू नये?

नवीन मोबाईल घेतला की आपण कव्हर, टेम्पर्ड ग्लास, लाँचर बदलून तो 'आपला' करतो. अमेरिकेत खिशातल्या चाकूचंही तसंच आहे. रोज सोबत ठेवायच्या वस्तूंना तिथे 'एव्हरीडे कॅरी' किंवा ईडीसी म्हणतात आणि त्यात फोल्डिंग चाकू हमखास असतो. त्यातलाच एक वेगळा प्रकार म्हणजे हॉकबिल. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर असल्यामुळे कस्टमायझेशन म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, रिक्वायरमेंट काय आहे? इथे या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर ॲप क्रॅश होत नाही, बोट कापतं.

हॉकबिल म्हणजे काय?

ससाण्याच्या चोचीसारखं खाली वळलेलं पातं आणि त्याच्या आतल्या बाजूला धार. आपला विळा आठवा, तत्त्व तेच आहे. साध्या चाकूने दोरी कापताना ती धारेवरून टोकाकडे सरकते आणि निसटते. हॉकबिलमध्ये ती वळणात अडकते आणि खेचलं की कापली जाते. म्हणून गालिचा, लिनोलियम, केबलचं आवरण, मासेमारीचं जाळं, फांद्या अशा कामांसाठी हा आकार वापरतात.

तोटाही याच आकारात आहे. भाजी चिरताना पाटाला फक्त टोक लागतं, त्यामुळे स्वयंपाकघरात हा चाकू जवळपास निरुपयोगी. शिवाय आपण तो स्वतःच्या दिशेने खेचतो, म्हणून दुसरा हात, मांडी किंवा पोट कधीच त्याच्या वाटेत नको.

पोलिसांसाठी दोन वेगळ्या वाटा

कोलोरॅडोमधल्या स्पायडरको कंपनीचं 'सिव्हिलियन' हे मॉडेल साध्या वेशातल्या पोलिसांचा जीव वाचावा म्हणून बनवलं गेलं. त्याचं पातं उलट्या एस आकाराचं आणि टोक अतिशय बारीक आहे. खोकी उघडायला ते वापरलं तर टोक मोडण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी वाट अर्नेस्ट इमर्सन यांच्या 'सार्क' या चाकूची. सार्क म्हणजे सर्च अँड रेस्क्यू नाइफ. तो अमेरिकन नौदलाच्या बचावकामासाठी तयार झाला. पातं हॉकबिल, पण टोक मुद्दाम बोथट. पट्ट्यात अडकलेल्या माणसाला सोडवताना त्यालाच जखम होऊ नये, हा हेतू. पुढे पोलिसांसाठी 'पी-सार्क' ही टोकदार आवृत्ती आली. म्हणजे काम बदललं की टोक बदललं. कस्टमायझेशनचा सगळा धडा एवढ्यात आला.

काय बदलता येतं?

१. क्लिप : खिशात चाकू टोक वर ठेवून राहील की खाली, उजव्या खिशात की डाव्या, हे क्लिप ठरवते. अमेरिकेत अनेक पोलिस बंदुकीचा हात मोकळा राहावा म्हणून चाकू दुसऱ्या बाजूला ठेवतात. त्यांना क्लिप आणि पातं उघडण्याची सोय दोन्ही डाव्या हाताला जमणारी लागते.

२. उघडण्याची पद्धत : पात्यातलं गोल छिद्र किंवा अंगठ्यासाठीची खुंटी एका हाताने उघडायला पुरेशी असते. इमर्सनच्या 'वेव्ह'मध्ये पात्याच्या पाठीवरचा आकडा खिशाच्या कडेला अडकतो आणि बाहेर येतानाच चाकू उघडतो. दुसऱ्या हाताने कुणाला धरून ठेवलं असेल तर हे उपयोगी. पार्सल उघडणाऱ्याला त्याची गरज नाही, उलट गर्दीत तो धोकाच आहे.

३. मूठ : जी-१० म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीचा थर. ओल्या हातातही पकड चांगली राहते. मात्र घासताना निघणारी धूळ फुप्फुसांना वाईट, म्हणून मास्क लावा आणि पाणी लावून घासा.

४. टोक : बोथट करायचं असेल तर धार लावायच्या दगडावर हळूहळू घासा. ग्राइंडरवर पातं तापून निळं पडलं की पोलादाची कडकपणा गेली समजा. हाताला गरम लागलं की लगेच पाण्यात बुडवा.

काय बदलू नये?

लॉक. लायनर लॉक असो, फ्रेम लॉक असो की बॅक लॉक, त्याच्या पृष्ठभागावर कानस चालवू नका. हॉकबिलचं टोक कशात तरी रुतलं आणि तुम्ही पिळलं की ताण लॉकवर येतो. ते सुटलं तर पातं सरळ बोटांवर मिटतं. चाकू खोलून परत जोडलात तर पातं मधोमध मिटतंय ना, उघडल्यावर डुलत नाही ना, हे तपासा. पिव्हटच्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा अगदी छोटा थेंब पुरतो.

धार कशी लावायची?

सपाट दगड आतल्या वळणात पोचत नाही. सिरॅमिकची गोल कांडी किंवा त्रिकोणी कांडीची कड वापरा. काहीच नसेल तर लाकडी दांड्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळा. दाते असतील तर ते बहुधा एकाच बाजूने घासलेले असतात. त्याच बाजूने एकेक दाता घ्या आणि दुसऱ्या बाजूने फक्त हलकासा हात फिरवा.

भारतात बाळगण्याआधी

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले सोडून. हॉकबिल या मापात सहसा बसत नाही, पण म्हणून कुठेही चालतो असं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की त्या भागात चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. विमानात हातातल्या बॅगेत तर अजिबात नको. इन्स्टावर रील टाकायला खिशात चाकू घेऊन फिरणं म्हणजे आपणहून चौकीचं आमंत्रण.

आणि गाडीत सीटबेल्ट कापायला काहीतरी हवं एवढीच गरज असेल, तर हॉकबिल घेऊच नका. ज्याचं पातं प्लॅस्टिकच्या खाचेत झाकलेलं असतं असा बेल्ट कटर घ्या. स्वस्त पडतो, सराव लागत नाही आणि अडकलेल्या माणसाच्या अंगाला धार लागत नाही. हॉकबिलवर पैसे खर्च करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा : मी नक्की काय कापणार, कोणत्या हाताने कापणार, आणि चाकू सटकला तर समोर दोरी असेल की माणूस?