लोणारचा खार आणि लोणारची काच

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार हें क्षेत्र दैत्यसूदनाच्या मंदिराकरितां व लवणासुराच्या कथेकरितां वाचकांस परिचित आहेच. प्रस्तुत लेखांत आम्हीं मंदिराचा विचार केलेला नाहीं. विवरांतील खार व विवराच्या कांठचा दगड अशीं दोन साधनें तेवढीं येथें तपासावयाचीं आहेत. कागदांचा अर्थ लावतांना पदार्थांची साक्ष घेण्याची संवय आपल्याकडे अद्याप थोडी आहे. लोणारला मात्र तिच्यावांचून चालत नाहीं.

इ. स. १५९६ मध्यें वऱ्हाड मोगलांकडे गेलें. अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाडचें जें वर्णन आहे, त्यांत मेहकर सरकारांतील लोणारच्या परिसरांत काच व साबण करण्याचें साहित्य मिळतें, अशी नोंद आहे. तेथील शोऱ्यापासून सरकारास बरेंच उत्पन्न होतें, असेंही इंग्रजी भाषांतरांत आढळतें. परंतु शोऱ्यापासून साबण होत नाहीं, आणि सरोवराच्या पाण्याचें पृथक्करण केलें असतां सोडा व साधें मीठ हेच मुख्य क्षार निघतात. यास्तव ‘शोरा’ ह्या शब्दावर फार भार देऊं नये, असें आमचें मत आहे. काच आणि साबण ह्या जोडीवर मात्र भार द्यावा. ती नोंद ऐकीव गोष्टींची सहज केलेली यादी नव्हे. दोन्ही धंद्यांना एकच वस्तु लागते, आणि ती वस्तु लोणारला आहे.

गारगोटीच्या वाळूंत प्रत्येक सिलिकॉन परमाणु चार ऑक्सिजन परमाणूंशीं बांधलेला असतो व प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनांना जोडतो. हे बंध फार बळकट असल्यामुळें वाळू वितळण्यास सुमारें १,७०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. लांकूड-कोळशाच्या गांवठी भट्टीला ती झेपणारी नव्हे. सोडा मिसळून तापविला म्हणजे त्यांतील कर्बवायु निघून जातो व उरलेला ऑक्सिजन त्या जाळ्यांत शिरून सांधे तोडतो. प्रत्येक तुटलेल्या टोंकाशीं एक सोडियम येऊन बसतो. अशा रीतीनें जाळें सैल झालें कीं योग्य प्रमाणाचें मिश्रण हजार अंशांच्या आंतच पातळ होऊं लागतें. नुसत्या सोड्याची काच पाण्यांत विरघळते, म्हणून चुना घालावा लागतो. तो कंकरापासून मिळतो. साबणाची गोष्ट निराळी, तरी मूळ तेंच. चुन्यानें तीव्र केलेला सोडा तेलांतील बंध तोडतो, आणि सोडियमला जोडलेलें एक टोंक पाण्याकडे व दुसरें तेलकट मळाकडे ओढ घेतें.

मिठांतही सोडियम आहे. मग मिठाची काच कां होत नाहीं? कारण मिठांत सोडियमचा जोडीदार क्लोरीन आहे, द्यावयास ऑक्सिजन नाहीं. लोणारच्या सरोवरांत हे दोन्ही क्षार एकत्र असल्यामुळें ते वेगळे करण्यावरच मालाची किंमत अवलंबून असे. ब्रिटिश अमदानींतील नोंदींत डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं खाराचीं निरनिराळीं नांवें आढळतात. उन्हाळ्यांत पाणी आटून जो थर बसे, त्याचे हे भेद. ज्यांनीं हीं नांवें पाडलीं त्यांस रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें; माल मात्र अचूक ठाऊक होता. ह्या लोकांची नांवें कोणत्याही दप्तरांत नाहींत, ही खेदाची गोष्ट होय.

आतां कांठच्या दगडाकडे वळूं. लोणारचें विवर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें असून काळ्या बसाल्ट खडकांत पडलें आहे. तें ज्वालामुखीनें झालें, असें मत दीर्घकाळ प्रचलित होतें. बसाल्ट हा लाव्हारसाचाच खडक असल्यामुळें तें स्वाभाविकही होतें. इ. स. १९७३ मध्यें फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् ह्यांनीं तें उल्कापातानें झाल्याचा पुरावा प्रसिद्ध केला. त्यांतील मुख्य साक्षीदार पुन्हां काचच. बसाल्टांतील फेल्डस्पार खनिजाचे स्फटिक बाह्य आकार न मोडतां आंतून काच झालेले त्यांस आढळले. येथें सोडा नाहीं, भट्टीही नाहीं. लाखों वातावरणांइतक्या दाबाचा धक्का क्षणमात्र बसला आणि सिलिकॉन-ऑक्सिजनचें शिस्तबद्ध जाळें, वितळून वाहण्यापूर्वींच, विस्कटून गेलें. घटक बहुतेक तेच राहिले, रचना तेवढी गेली. त्यामुळें प्रकाशाशीं त्या दगडाचें वर्तन पालटलें, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं तें ओळखूं आलें. ज्वालामुखी दगड वितळवूं शकतो. असा धक्का देऊं शकत नाहीं.

ह्या काचेस मॅस्केलिनाइट म्हणतात. ती प्रथम वर्णन केली व्हिएन्नाच्या चेर्माकनें, इ. स. १८७२ मध्यें, आणि तीही बिहारांतील शेरघाटी येथें १८६५ सालीं पडलेल्या उल्केंत. आकाशांतून आलेल्या दगडांत जी काच आधीं सांपडली, तीच पुढें लोणारच्या भूमींतील दगडांत सांपडली, हा योगायोग आम्हांस विशेष वाटतो.

विवराच्या वयाचा वाद मात्र मिटलेला नाहीं. त्या काचेच्या प्रकाशोत्सर्गावरून इ. स. १९९७ मध्यें सुमारें ५२ हजार वर्षें असें वय निघालें. आघातानें वितळलेल्या खडकांतील आर्गॉन वायूवरून इ. स. २०११ मध्यें सुमारें ५ लाख ७० हजार. एका पद्धतीला आघातानें पूर्वीचा प्रकाशसंचय पूर्ण पुसला गेला पाहिजे, दुसरीला जुना आर्गॉन पूर्ण निघून गेला पाहिजे. दोन्ही अटी अखेर त्या बंधांच्या वर्तनावरच येऊन ठेपतात. आमचा कल दुसऱ्या आंकड्याकडे आहे. पण कांठावरचे आणखी नमुने तपासले जाईपर्यंत तो केवळ कल समजावा.