सुट्टीला गाडीने परदेशी : हा रस्ता कुणी बांधला?



मी बेंगळुरूच्या बेळ्ळंदूरमध्ये राहतो. आमच्या सोसायटीत पुण्याची, नागपूरची, बेळगावची, अगदी इंदूर-बडोद्याचीही मराठी घरं आहेत. मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिल-मेमध्ये एखादं कुटुंब गाडीच्या टपावर तंबू बांधून नेपाळला किंवा भूतानला निघतं. निघण्याआधी माझ्याकडे चक्कर होते. माणूस फौजेतला, म्हणजे त्याला रस्ते ठाऊक असणार, असा हिशेब. घाट कसा आहे, रात्री थंडी किती, पेट्रोल कुठे भरायचं, हे सगळे विचारतात. आज मी न विचारलेल्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे. आपली गाडी घेऊन, मुलाबाळांसह परदेशात जाऊन तंबू ठोकता येतो, हे शक्य झालं कसं?

आधी नेपाळ. काठमांडूच्या खोऱ्यात मोटारी आल्या, तेव्हा बाहेरून तिथे जाणारा मोटाररस्ताच नव्हता. रक्सौलहून अमलेखगंजपर्यंत छोटी रेल्वे, पुढे भीमफेदीपर्यंत मोटार, आणि तिथून चंद्रागिरीची खिंड ओलांडून पायी. मग राणा घराण्याच्या मोटारी आत गेल्या कशा? माणसांच्या खांद्यावर! बांबूंच्या सांगाड्यावर गाडी बांधायची आणि डझनावारी भारवाहकांनी ती डोंगरावरून वाहून न्यायची. त्याची छायाचित्रं आजही पाहायला मिळतात.

१९५० मध्ये भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्यानंतर भारतीय लष्कराच्या इंजिनिअरांनी काठमांडूचा पहिला मोटाररस्ता हाती घेतला. तो १९५६ मध्ये पूर्ण झाला. हाच त्रिभुवन राजपथ. तो सिमभंज्यांगला जवळजवळ २,५०० मीटर उंचीवर चढतो. त्याच रस्त्यावर दामन नावाचं गाव आहे. आकाश स्वच्छ असेल तर तिथून हिमालयाची लांबच लांब रांग दिसते. आज कुटुंबं तिथे तंबू लावतात आणि पहाटे मुलांना उठवून शिखरं दाखवतात. मे महिन्यातही रात्री स्वेटर लागतो, एवढं लक्षात ठेवा.

आता भूतान. सप्टेंबर १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले. सोबत मुलगी इंदिरा होती. नेहरूंचं वय तेव्हा ६८. भूतानमध्ये मोटाररस्ता नव्हता, म्हणून ही मंडळी सिक्कीममधून नथू ला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरली आणि याटुंगमार्गे घोड्यांवर, याकवर आणि पायी पारोला पोहोचली. म्हणजे भारतातून भूतानला जायची सोयीची वाट तिसऱ्याच देशातून होती, आणि त्या देशात तेव्हा चिनी फौजा होत्या. पुढच्याच वर्षी तिबेटमध्ये उठाव झाला. मग ती वाट मिटली.

इथे गणित बदललं. मे १९६० मध्ये आपल्याकडे सीमा सडक संघटना, म्हणजे बीआरओ, उभी राहिली. एप्रिल १९६१ मध्ये तिचा ‘दंतक’ प्रकल्प भूतानसाठी सुरू झाला. त्याच वर्षी भूतानची पहिली पंचवार्षिक योजना आली. तिचा मोठा हिस्सा रस्त्यांसाठी होता आणि पैसा भारताचा. फुंत्शोलिंग ते थिम्फू हे सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांचं अंतर कापायला पाच-सहा दिवस लागत. रस्ता झाल्यावर ते एका दिवसाचं काम झालं. पुढे थिम्फू ते त्राशिगांगचा रस्ता आणि पारोचा विमानतळही ‘दंतक’नेच केला.

ह्याची किंमत? भूतानमधल्या कामांवर ‘दंतक’ची १,२०० हून अधिक माणसं गेली. हा आकडा सरकारने प्रसिद्ध केलेला आहे. मी नोकरीत डोंगरी रस्त्यांवरून गाड्यांचे ताफे नेले आहेत, त्यामुळे हा आकडा मला नुसता आकडा वाटत नाही. सुरुंग लावला की वरचा डोंगर किती सुटेल, हे आधी कुणालाच नक्की सांगता येत नाही. पावसाळ्यात कालचा रस्ता आज दरीत असतो. आणि तो साफ करायला उतरलेल्या माणसाच्या डोक्यावर पुढची दरड लटकलेली असते.

तंबूचंही तसंच. फौजेत आमचे तंबू वजनाने ओळखले जायचे : चाळीस पौंडी, ऐंशी पौंडी, एकशे ऐंशी पौंडी. शेवटचा म्हणजे साधारण ८२ किलो. पाऊस पडला की कापड भिजून वजन आणखी वाढायचं. आता चौघांचा तंबू एका हाताने उचलता येतो, आणि तो कुठे लावायचा हे ठरवतात मुलं. मला ह्याचा हेवा वाटत नाही, आनंद वाटतो. ज्या डोंगरात एकेकाळी फक्त कामाचे तंबू लागायचे, तिथे सुट्टीचे तंबू लागावेत, ह्यासाठीच तर तो खटाटोप होता.

पण नुसता रस्ता असून भागत नाही. पूर्वेकडे बघा. दुसऱ्या महायुद्धात आसाममधल्या लेडोहून ब्रह्मदेशमार्गे चीनमधल्या कुनमिंगपर्यंत स्टिलवेल रस्ता झाला. लांबी १,७०० किलोमीटरांहून जास्त. पहिला ताफा कुनमिंगला पोहोचला फेब्रुवारी १९४५ मध्ये. काही महिन्यांत युद्ध संपलं आणि बराचसा रस्ता जंगलाने गिळला. अलीकडे, २००१ मध्ये, बीआरओनेच म्यानमारमध्ये तामू ते कलेम्यो असा मैत्री मार्ग करून दिला. पण २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली, देश पेटला. आज तिकडे मुलांना घेऊन जा, असं मी कुणाला सांगणार नाही.

पश्चिमेचीही तीच कथा. १९५७ मध्ये लंडनहून कलकत्त्याला चक्क प्रवासी बस आली होती. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करत माणसं गाड्या घेऊन भारतात यायची, वाटेत तंबू ठोकायची. आपली गाडी तिकडे न्यायची तर कार्ने नावाचं कागदपत्र लागायचं, आजही लागतं. तो गाडीचा पासपोर्टच : गाडी परत नेली नाही तर तिथली जकात भरू, अशी त्यात हमी असते. मुंबईतली १९१९ पासूनची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ह्या कामात मदत करत आली आहे. पण १९७९ मध्ये आधी इराणात क्रांती झाली आणि वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. डांबर तिथेच राहिलं, कुटुंबं जायची थांबली.

नेपाळ-भूतानला मात्र हे कार्ने लागत नाही. नेपाळच्या नाक्यावर भन्सार, म्हणजे जकातीची पावती, करायची. भूतानमध्ये गाडीचा आणि माणसांचा परवाना घ्यायचा, रात्रीमागे ठरलेलं शुल्क भरायचं. व्हिसा दोन्हीकडे नको. बेंगळुरूहून नागपूरमार्गे रक्सौल बावीसशे किलोमीटरांच्या आसपास पडतं, आणि पुढचा देश तासाभराच्या कागदपत्रांवर उघडतो. जगात किती सीमांवर असं होतं? ही सवलत आपसूक मिळालेली नाही. करार झाले, ते दोन्ही बाजूंनी पाळले गेले, आणि रस्त्यासाठी माणसं खपली.

म्हणून, मंडळी, ह्या वाटेने जाल तेव्हा दोन गोष्टी करा. पहिली : तुम्ही पाहुणे आहात. कचरा परत आणा, आवाज कमी ठेवा, नाक्यावरच्या माणसाशी नीट बोला. मैत्री टिकते ती अशीच. दुसरी : फुंत्शोलिंगच्या घाटात ‘दंतक’च्या पिवळ्या पाट्या दिसतील. त्यांवरची गमतीदार वाक्यं मुलं मोठ्याने वाचतीलच. तेव्हा त्यांना एवढंच सांगा, की ह्या पाट्या लावणाऱ्यांची १,२०० हून जास्त माणसं ह्या देशात कामावर असताना गेली.

जय हिंद.